अठरा महिन्यांची सेवा, सात वर्षांची मुदत : लोगनमधील एका कारेन आजींचे प्रकरण

ऑगस्ट २०१२ मध्ये निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेल्या, ब्रह्मदेशातल्या कारेन जमातीच्या एका आजींना मिळणारे सरकारी साहाय्य सप्टेंबर २०१९ मध्ये बंद होणार होते. कायद्याने दिलेली सात वर्षे तेव्हा संपत होती. साहाय्य चालू ठेवायचे तर त्याआधी अमेरिकेचे नागरिकत्व मिळवायला हवे होते. आजींना इंग्रजी येत नव्हते, बर्मी येत नव्हते, स्वतःच्या स्गॉ कारेन भाषेतही लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा मांस-प्रक्रिया कारखान्यात रात्रपाळीला, सून त्याच कारखान्यात दिवसपाळीला, नातवंडे शाळेत. अशा वेळी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, शेजारच्या आयडाहो राज्यातून मॉर्मन चर्चचे एक निवृत्त जोडपे धर्मसेवेसाठी तिथे आले. त्यांची मुदत अठरा महिन्यांची.

हे सगळे घडले युटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅश व्हॅली नावाच्या खोऱ्यातल्या लोगन गावी. मी तिथे नागरिकत्व परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवत होते, त्यामुळे प्रकरण जवळून पाहता आले. कुणाचीही नावे देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. आजींना आजीच म्हणते. जोडप्याला त्यांच्या चर्चच्या रीतीप्रमाणे सगळे ‘एल्डर’ आणि ‘सिस्टर’ म्हणत, मीही तेच म्हणेन. आजी मात्र त्यांना ‘थारा’ आणि ‘थारामू’ म्हणायच्या. कारेन लोक शिक्षकाला आणि पाळकाला याच नावाने हाक मारतात.

आजी कुठून आल्या

ब्रह्मदेश म्हटले की आपल्याला मंडालेचा तुरुंग आठवतो किंवा रत्नागिरीतला थिबा राजवाडा. आजींचा ब्रह्मदेश यातला नाही. त्यांचे गाव थायलंडच्या सरहद्दीलगत डोंगरात होते. तिथे १९४९ पासून कारेन नॅशनल युनियन ही कारेनांची सशस्त्र संघटना आणि ब्रह्मदेशाचे सैन्य यांच्यात लढाई चालू आहे. जानेवारी १९९५ मध्ये कारेनांचे मुख्य ठाणे मानेरप्लॉ पडले आणि हजारो माणसे मोएई नदी ओलांडून थायलंडमध्ये गेली. आजी त्यांच्यात होत्या. नवरा वाटेत गेला. पुढची सतरा वर्षे त्यांनी मे ला या छावणीत काढली. चुनखडीच्या उंच कड्याखाली बांबूची घरे, महिन्याला मोजून मिळणारा तांदूळ, आणि छावणीबाहेर जाऊन काम करायला थाई सरकारची बंदी. नातवंडे तिथेच जन्मली.

अमेरिकेने या छावण्यांमधल्या लोकांना घ्यायचे ठरवले तेव्हा एक विचित्र अडचण आली. ११ सप्टेंबरनंतरच्या कायद्यांप्रमाणे कोणत्याही सशस्त्र गटाला मदत केलेल्या माणसाला प्रवेश नव्हता, आणि सरहद्दीवरच्या गावांत कारेन सैनिकाला कधीतरी भात वाढला नाही असे घर शोधून सापडले नसते. २००६ मध्ये परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस यांनी आधी थाम हिन छावणीसाठी सवलत दिली, मग ती इतर छावण्यांना लागू झाली. २०१४ च्या सुरुवातीला गटाने पुनर्वसन करण्याचा कार्यक्रम बंद झाला, तोवर ७३ हजारांहून अधिक माणसे अमेरिकेत आली होती. आजींचे कुटुंब त्यातले.

हे कुटुंब बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती होते, आणि पुढे त्याला महत्त्व आले, म्हणून थोडे मागे जाते. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतून पहिले मिशनरी पूर्वेकडे निघाले. सेलमच्या चर्चमध्ये एकाच दिवशी दीक्षा घेतलेले ते पाच तरुण. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कलकत्त्यात टिकू दिले नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कसेबसे मुंबईला पोचले, आणि अहमदनगरपर्यंत पसरलेले अमेरिकन मराठी मिशन त्यातून उभे राहिले. अडोनायरम जडसन आणि त्यांची पत्नी अ‍ॅन रंगूनला गेले. कारेनांमध्ये पहिला बाप्तिस्मा १८२८ चा, को था ब्यू यांचा. जोनाथन वेड यांनी बर्मी अक्षरांवरून स्गॉ कारेन लिपी बसवली, १८५३ मध्ये संपूर्ण बायबल त्या भाषेत आले. म्हणजे ज्या जहाजांनी आपल्याकडे हॉल आणले त्याच तुकडीतल्या माणसांचे काम आजींच्या घरात पाच-सहा पिढ्या रुजलेले होते. त्या मिशनऱ्यांना मुदत नव्हती. जडसन १८५० मध्ये वारले, तोवर ते फक्त एकदाच मायदेशी गेले. हॉल १८२६ मध्ये नाशिकजवळ पटकीने गेले, ते कधीच परतले नाहीत. त्या काळाचा मला मोह नाही. बायका-मुलांची किती लहान वयात थडगी झाली हे पाहिले की मन कळवळते. पण मुदतीतला हा फरक या प्रकरणात पुन्हा पुन्हा समोर येतो.

निर्वासितांची कालगणना

निर्वासित अमेरिकेत उतरला की त्याच्यामागे अनेक मुदती सुरू होतात. पुनर्वसन संस्थेची पहिली मदत जास्तीत जास्त ९० दिवस. विमानाचे तिकीट आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने उसने दिलेले असते, त्याचे बिनव्याजी हप्ते सहा महिन्यांनी सुरू होतात. एक वर्षाने ग्रीन कार्डाचा अर्ज. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा. आणि पासष्टीपुढच्या किंवा अपंग गरिबांना मिळणारे ‘एसएसआय’ हे साहाय्य निर्वासितांना सात वर्षेच मिळते, पुढे नागरिक झाल्याशिवाय नाही. १९९६ च्या कल्याण-सुधारणा कायद्याने ही मुदत पाच वर्षांची केली होती, पुढच्या वर्षी ती सात झाली.

२०१८ मध्ये या साहाय्याची कमाल रक्कम महिना ७५० डॉलर होती. आजी त्यातून घरभाड्याचा आणि किराण्याचा आपला वाटा देत. हा वाटा देणे त्यांना फार मोलाचे होते, आणि मला वाटते, साहाय्य जाण्याच्या भीतीत पैशाइतकाच हाही भाग होता. छावणीत सतरा वर्षे दुसऱ्याच्या शिध्यावर जगलेल्या बाईला मुलाच्या घरात भार होऊन बसायचे नव्हते.

जोडपे

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे ज्यांना लोक मॉर्मन म्हणतात त्यांच्याकडे, पांढरा शर्ट घालून जोडीने दारोदार फिरणारी तरुण मुले सगळ्यांना ठाऊक असतात. निवृत्तीचे वय झाले, संसारातून मोकळे झाले की नवरा-बायकोही अशीच सेवा पत्करतात हे कमी लोकांना माहीत असते. सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत मुदत घेता येते. पगार नाही. राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतःचा, फक्त घरभाड्याच्या वाट्याला २०११ पासून कमाल मर्यादा घातली आहे. दारोदार फिरण्याची सक्ती त्यांना नसते. बहुतेकांचे काम स्थानिक मंडळींना आधार देणे, शिकवणे, मदतकार्य असे असते. २०१६ च्या वसंतात या चर्चच्या महिला नेतृत्वाने जगभरच्या सभासद बायकांना आपापल्या गावातल्या निर्वासितांसाठी काम करायचे आवाहन केले होते, आणि त्यानंतर अशा जोडप्यांचा ओघ निर्वासितांकडे वळला.

एल्डरनी आयुष्यभर बटाट्याची शेती केली होती, सिस्टर प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. आठ नातवंडे मागे ठेवून ते एका दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला आले. त्यांना सांगितलेले काम ढोबळ होते : बर्मी स्थलांतरितांमध्ये सेवा.

या ‘बर्मी’ शब्दानेच पहिल्या भेटीत घोळ केला. दोघांनी मोबाइलवरून बर्मी नमस्कार पाठ केला होता. आजींच्या दारात उभे राहून त्यांनी तो मोठ्या उमेदीने म्हटला. आजी गप्प झाल्या आणि आत निघून गेल्या. नातवाने सांगितले, ही गावे जाळायला यायचे त्या सैनिकांची भाषा. लोगनमध्ये ज्यांना सरसकट बर्मी म्हणतात त्यांत कारेन होते, कारेनी या वेगळ्या जमातीचे होते, थोडे चिन जमातीचे होते, काही मुसलमान कुटुंबे होती. त्यांतल्या अनेकांना एकमेकांचे बोलणेही कळत नव्हते. सिस्टर पुढच्या भेटीत काही न बोलता बसल्या. आजींनी चहा पुढे केला. मॉर्मन चहा-कॉफी घेत नाहीत. सिस्टरनी कपाला हात लावून मान तुकवली आणि नुसते गरम पाणी मागितले. त्या दिवसापासून त्या घरात थारामूसाठी गरम पाणी ठरून गेले.

पहिला हिवाळा गाड्या चालवण्यात गेला. कॅश व्हॅलीत जानेवारीत तापमान शून्याखाली बरेच उतरते, धुके खोऱ्यात कोंडून राहते. आजींना दवाखान्यात, सुनेला दातांच्या डॉक्टरकडे, धाकट्याला शाळेच्या सभेला. एल्डर म्हणायचे, मी टॅक्सीवाला झालो. तक्रारीचा सूर त्यात नव्हता, पण आपण इथे कशासाठी आलो ही बोच होती. तरुण मिशनऱ्यांना आपले काम बाप्तिस्म्यांत मोजता येते. चाळीस मैल गाडी चालवली हे कुठे लिहायचे?

मला विचाराल तर या गाडीतच काम झाले. गाडीत माणूस शेजारी बसतो, समोर नाही, आणि दुभाषा नसला तरी चालते. आजी खिडकीतून शेते दाखवत. एल्डरना शेतीतले कळत होते. मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर त्यांनी चर्चच्या एका सभासदाच्या जमिनीचा पट्टा मागून घेतला, आणि तिथे कारेन बायकांनी मिरच्या, लांब शेंगा, भोपळे आणि अंबाडी लावली. होय, आपलीच अंबाडी. कारेन स्वयंपाकात तिच्या आंबट पाल्याशिवाय भागत नाही. माझ्या आईची ताकातली अंबाडीची भाजी मी त्या बायकांना करून घातली, त्यांनी मला माशाच्या वाटणातली खिलवली. कॅश व्हॅलीचा उन्हाळा अंबाडीला पुरत नाही, फुले येण्याआधीच थंडी पडते. पण त्यांना पालाच हवा होता.

पत्रांचा डबा

या घरात येणारी सगळी पत्रे बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जात. मुलाला थोडे इंग्रजी येत असे, पण रात्रपाळीहून आल्यावर सरकारी पत्र वाचायचे त्राण नसे. नातू तेव्हा पंधरा वर्षांचा. त्याच्याकडून पत्रे वाचवून घ्यायला वडलांना संकोच वाटे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिस्टरनी परवानगी मागून तो डबा उघडला आणि दोन-तीन दुपारी बसून पत्रे लावली : जाहिराती एका बाजूला, दवाखान्याची बिले दुसऱ्या, सरकारी तिसऱ्या. सरकारी पत्रांत सात वर्षांच्या मुदतीची सूचना होती. ती कुणी वाचलेली नव्हती.

दुसरी गोष्ट त्यांच्या शिक्षिकेच्या नजरेला दिसली. घरात समजूत अशी होती की ग्रीन कार्ड २०१४ मध्ये हातात आले, तेव्हा पाच वर्षे २०१९ मध्ये पुरी होतील आणि मग नागरिकत्वाचा अर्ज करता येईल. पण कार्डावर निवासी झाल्याची तारीख ऑगस्ट २०१२ ची होती. निर्वासितांच्या बाबतीत ही तारीख मागे नेऊन देशात आल्याच्या दिवसापासून धरतात. म्हणजे आजींना अर्ज करण्याचा हक्क ऑगस्ट २०१७ मध्येच मिळाला होता. सहा महिने हातचे निघून गेले होते आणि दीड वर्ष उरले होते. सिस्टरना ही तारीख सापडली नसती तर पुढचे काहीच घडले नसते. या प्रकरणातले सगळ्यात मोठे काम मला तेच वाटते, आणि ते डब्यातली पत्रे चाळताना झाले.

परीक्षा की प्रमाणपत्र

नागरिकत्वाच्या मुलाखतीत इंग्रजी बोलणे, एक वाक्य वाचणे, एक लिहिणे, आणि इतिहास-राज्यव्यवस्थेच्या १०० प्रश्नांतून विचारलेल्या दहांपैकी सहांची उत्तरे देणे तेव्हा अपेक्षित होते. वयस्कांना सवलती आहेत, पण त्या वयाबरोबर पंधरा किंवा वीस वर्षांच्या कायम वास्तव्यावर अवलंबून आहेत. आजींची झाली होती साडेपाच.

एल्डरनी कंबर कसली. मोठ्या अक्षरांचे पुठ्ठे केले, चित्रे चिकटवली. आजी माझ्या वर्गातही येऊ लागल्या. ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ हे नाव त्यांना आले. आठवड्याने ते पुसले गेले. पेन्सिल पकडून एक रेघ ओढताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. तीन महिने हे चालले. एल्डरचा विश्वास होता की चिकाटीने सगळे साधते. त्यांची शेती तशीच उभी राहिली होती. आजी त्यांना ‘नाही’ म्हणत नव्हत्या, कारण थाराला नाही म्हणायची रीत नाही. मला हे पाहवत नव्हते. शिकणाऱ्याची लाज आणि शिकवणाऱ्याची माया एकाच खोलीत असली की कुणीच खरे बोलत नाही.

वाट सापडली ती दवाखान्यात. तिथल्या नर्सने सुनेला विचारले की आजी चुलीवरचे विसरतात का, घरची वाट चुकतात का. सून म्हणाली, दोन वर्षांपासून. कारेन दुभाषी बाईंना बसवून स्मृतीची तपासणी झाली. आधी कधीतरी मेंदूत छोटा झटका येऊन गेल्याचेही दिसले. ज्यांना आजारामुळे इंग्रजी आणि नागरिकशास्त्र शिकणेच शक्य नाही त्यांच्यासाठी ‘एन-६४८’ नावाचा फॉर्म असतो. तो डॉक्टरने किंवा मानसशास्त्रज्ञाने भरायचा. तो मान्य झाला तर परीक्षा माफ होते आणि मुलाखत स्वतःच्या भाषेत देता येते.

डॉक्टरांनी पहिल्या खेपेस लिहिले : वय जास्त, निरक्षर, विस्मरण. एवढ्यावर फॉर्म टिकत नाही. वय आणि निरक्षरता ही कारणे धरतच नाहीत. आजार कोणता, तो कशाने ठरवला, आणि त्या आजारामुळेच शिकता का येत नाही, हा दुवा सविस्तर लिहावा लागतो. हे आम्हांला सांगितले एका संस्थेतल्या मान्यताप्राप्त प्रतिनिधीने. अमेरिकेत इमिग्रेशनबाबत कायदेशीर सल्ला देण्याची मुभा वकिलाला आणि न्याय खात्याने मान्यता दिलेल्या अशा प्रतिनिधीलाच आहे. एल्डर तोवर मुख्य अर्ज स्वतःच भरायला बसले होते. त्यांना थांबवावे लागले, आणि ते त्यांना लागले. चांगल्या मनाच्या स्वयंसेवकाने चुकीची खूण केलेला एक चौकोन निर्वासिताला फार महागात पडू शकतो. ‘कधी कोणत्या सशस्त्र गटाशी संबंध?’ या प्रश्नाचे उत्तर ज्या माणसाने छावणीत एक दिले आणि इथे दुसरे, त्याला खोटेपणाबद्दल जाब द्यावा लागतो.

फॉर्म दुरुस्त झाला. साहाय्य घेणाऱ्याला फी माफीचा अर्ज करता येतो, तो जोडला. नाही तर ७२५ डॉलर भरावे लागले असते. ऑगस्ट २०१८ मध्ये सगळे कागद गेले. मुदतीला वर्षभर उरले होते.

बाप्तिस्म्याचा प्रश्न

आता ज्या गोष्टीवर मराठी वाचक पहिल्यापासून अडला असेल तिच्याकडे येते. हे जोडपे मिशनरी होते. छातीवर चर्चच्या नावाची काळी पट्टी होती. मदत कशाच्या बदल्यात?

नगर जिल्ह्यात १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर गावेच्या गावे ख्रिस्ती झाली तेव्हा आपल्याकडे हाच प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारणे योग्यच होते. भुकेल्याला भाकरी देणाऱ्याने धर्म पुढे केला की घेणाऱ्याचे ‘हो’ मोकळे राहत नाही. इथे तर घेणारे आधीच ख्रिस्ती होते, आणि खोऱ्यातली बहुसंख्य वस्ती मॉर्मन. शाळेतले मित्र, बास्केटबॉलचा संघ, शेजार, सगळे एका चर्चचे. थोरला नातू तिथल्या युवक मंडळात जाऊ लागला होता. २०१८ च्या उन्हाळ्यात दोन तरुण मिशनऱ्यांनी त्याला बाप्तिस्म्याबद्दल विचारले, आणि घरात ताण उभा राहिला. वडलांना ते नको होते. पण नको म्हटले तर आजींचे कागद, गाडी, मळा यांचे काय होईल, ही धास्ती त्यांनी दुभाषी बाईंजवळ बोलून दाखवली.

सिस्टरना हे कळले त्याच संध्याकाळी दोघे त्या घरी गेले. दुभाषी बाईंमार्फत त्यांनी सांगितले की गाडी आणि कागद यांचा चर्चशी काही संबंध नाही, तुम्ही आमच्या चर्चमध्ये पाऊल टाकले नाही तरी आम्ही येत राहू. वडलांनी मान डोलावली. पण विश्वास बसला नाही, आणि बसावा तरी का? ज्याच्या हातात गाडीची किल्ली आहे त्याचे शब्द एकदा ऐकून कुणी निर्धास्त होत नाही. मग सिस्टरनी एक केले जे मला फार मोलाचे वाटते. त्या दोघांनी कारेन बाप्टिस्ट मंडळीच्या रविवार दुपारच्या उपासनेला जायला सुरुवात केली, मागच्या बाकावर, पट्टी काढून नव्हे तर लावूनच. जेवणानंतर भांडी घासू लागले. त्या तरुण मिशनऱ्यांनाही एल्डरनी सांगितले की सोळा वर्षांच्या मुलाला विचारण्याआधी त्याच्या बापाला विचारा. मुलाचा बाप्तिस्मा झाला नाही. तो बास्केटबॉल मात्र खेळत राहिला.

मनात जोडप्याला तो बाप्तिस्मा हवा होता का? हवा होता. सिस्टरनी मला तसे सांगितले, डोळ्यांत पाणी आणून. त्यांच्या श्रद्धेत ती सर्वांत मोठी देणगी आहे, आणि आपल्याला मौल्यवान वाटते ते हातात धरून न देणे सोपे नसते. त्यांची श्रद्धा माझी नाही. तरी त्या आवरण्यात मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो आजही आहे.

एप्रिल २०१९

मुलाखतीचे पत्र आले ते मे महिन्याच्या तारखेचे. जोडप्याची मुदत एप्रिलमध्ये संपत होती. ती वाढवून घेता आली असती, पण सिस्टरच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आयडाहोत ठरलेली होती. इमिग्रेशन कार्यालय सॉल्ट लेक सिटीला, सुमारे १३० किलोमीटरवर, सार्डीन कॅन्यनच्या घाटातून. मुलगा रजा काढू शकत नव्हता, सूनही. आजींना थारा सोडून दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायची सवय नव्हती.

याच ठिकाणी माझा या सेवापद्धतीशी मतभेद आहे. दीड वर्षात माणूस घर ओळखतो, डबा उघडतो, विश्वास मिळवतो, आणि तो कामाला येऊ लागला की निघून जातो. चर्चच्या दृष्टीने जोडपे बदलते, जागा भरते. आजींच्या दृष्टीने जोडपे गेले की एक थारामू गेली. आधीच्या आयुष्यात इतकी माणसे गमावलेल्या बाईला हे पुन्हा सोसावे लागले. शेवटच्या आठवड्यात त्या सिस्टरशी बोलल्याच नाहीत. तेव्हा मुदतीची सेवा घ्यायचीच असेल तर पहिल्या महिन्यापासून आपण नसताना हे कोण करील, याचीच तजवीज सेवेचा मुख्य भाग असायला हवी, असे माझे मत या प्रकरणाने पक्के केले.

सुदैवाने एल्डरनी, फारसा विचार न करता, एक तजवीज केली होती. सोळावे लागल्यावर थोरल्या नातवाला गाडी शिकायची होती. युटात अठराच्या आतल्या मुलाला परवान्याआधी मोठ्या माणसाबरोबर चाळीस तास गाडी चालवावी लागते, त्यांतले दहा रात्रीचे. वडलांना वेळ नव्हता. वडलांच्या संमतीने एल्डरनी हे तास पूर्ण करून घेतले, बर्फात, धुक्यात, आणि सार्डीन कॅन्यनच्या चढउतारांवरही. मे महिन्यात आजींना सॉल्ट लेकला त्या मुलाने नेले. मागच्या सीटवर दुभाषी बाई.

मुलाखतीतच निर्णय झाला नाही. त्या वर्षी फेब्रुवारीपासून ‘एन-६४८’ ची छाननी कडक झाली होती. डॉक्टरांकडून आणखी खुलासा मागितला गेला. तो पाठवला, उन्हाळा गेला, सप्टेंबर आला आणि साहाय्य थांबले. भाड्याचा आजींचा वाटा त्या महिन्यांत कारेन बाप्टिस्ट मंडळीने उचलला. कारखान्यात उभे राहून मांस कापणाऱ्या माणसांनी रविवारी टोपली फिरवून तो जमवला. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा प्रकरणांच्या कथनात मदत नेहमी बाहेरून आलेली दिसते. आजींना पडू दिले नाही ते त्यांच्याच माणसांनी. ऑक्टोबरमध्ये दुसरी मुलाखत झाली, फॉर्म मान्य झाला. डिसेंबर २०१९ मध्ये आजींनी शपथ घेतली. नागरिकत्वाचा दाखला लावून साहाय्याचा नवा अर्ज केला, तो नव्या वर्षात मंजूर झाला.

एल्डर आणि सिस्टर शपथविधीला आयडाहोतून आले होते. आजींनी सिस्टरच्या हातात स्वतः विणलेली पिशवी दिली आणि बराच वेळ त्यांचा गुडघा चाचपून पाहिला.

१८ मार्च २०२० रोजी करोनामुळे इमिग्रेशनची कार्यालये प्रत्यक्ष कामासाठी बंद झाली. डिसेंबरची शपथ तीन-चार महिने लांबली असती तर आजी त्यात अडकल्या असत्या.

यादी

जाण्यापूर्वी सिस्टरनी माझ्याबरोबर बसून एक वही केली होती. आजींच्या इमारतीतल्या आणि कारेन मंडळीतल्या साठीपुढच्या सगळ्यांची नोंद, प्रत्येकाच्या परवानगीने : देशात आल्याची तारीख, पाच वर्षे कधी होतात, सात कधी, ग्रीन कार्ड आहे का, डॉक्टर कोण, दुभाषी कोण. क्रम नावाप्रमाणे नाही, मुदत संपण्याच्या तारखेप्रमाणे. कारेनांना आडनाव नसते, आणि छावणीत नोंद करताना कित्येकांचा जन्मदिवस १ जानेवारी लिहिला गेला आहे, त्यामुळे नावाने किंवा जन्मतारखेने शोधायला गेले की घोटाळा होतो.

वही कुणाकडे ठेवायची यावर आमची चर्चा झाली. एल्डरना वाटत होते पुढच्या जोडप्याकडे द्यावी. सिस्टरनी ती कारेन पाळकांच्या पत्नीकडे दिली, कारण त्या कुठे जाणार नव्हत्या. पुढचे जोडपे त्या उन्हाळ्यात आले, चांगले होते, त्यांनाही गाडी चालवायचे काम मिळाले. कोणाला कधी कुठे न्यायचे हे आता पाळकांच्या पत्नी सांगत. जून २०२० मध्ये कार्यालये पुन्हा उघडली तेव्हा यादीतल्या पुढच्या आजोबांचा अर्ज, डॉक्टरांच्या सविस्तर फॉर्मसह, आधीच दाखल झालेला होता.